‘बाब’ : एका लहानशा शब्दाची हकीकत

काही वर्षांपूर्वी मराठीच्या चाचणी परीक्षेत मी ‘बाब’ या शब्दाचा अर्थ विचारला होता. एका विद्यार्थ्याने उत्तर लिहिले, ‘दरवाजा’. मी लाल शाईने फुली मारली, आणि एवढ्यावर न थांबता ते उत्तर वर्गात वाचून दाखविले. हशा पिकला. मुलगा मान खाली घालून एवढेच म्हणाला, “सर, मकतबात आम्हांला हाच अर्थ शिकवलाय.” त्या रात्री शब्दकोश उघडला आणि ते हसे माझ्यावरच उलटले.

अरबीत ‘बाब’ म्हणजे दरवाजाच. अनेक दरवाजे ते ‘अबवाब’ आणि दारावरचा रखवालदार तो ‘बव्वाब’. यमन आणि जिबूती यांच्यामधील सामुद्रधुनीचे नाव बाब-अल-मंदब, म्हणजे आक्रोशाचा दरवाजा. मुंबईहून जेद्दाला जाणारी हाजींची जहाजे १९९५ पर्यंत याच दरवाजाने तांबड्या समुद्रात शिरत. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराला ‘बाब-ए-सय्यद’ म्हणतात तेही याच अर्थाने.

परंतु हा शब्द मुळात अरबीचाही नसावा. प्राचीन इराकच्या अक्कादी भाषेत दरवाजाला ‘बाबु’ म्हणत. तेथून तो अरामीत आणि अरामीतून अरबीत आला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. बाबिल या शहराचा उल्लेख कुरआन शरीफमध्ये सूरह बकरामध्ये आहे. तेथील रहिवासी आपल्या शहराच्या नावाची फोड ‘बाब-इलिम’, म्हणजे देवाचा दरवाजा, अशी करीत. बायबलने तेच नाव गोंधळ या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी जोडले. आजचे संशोधक म्हणतात, की मूळ नाव बहुधा आणखी जुन्या, निराळ्याच भाषेतले असावे. दोन्ही अर्थ मागाहून बसविलेले. नादसाम्याचा मोह त्या काळच्या विद्वानांनाही आवरला नाही, तेथे आपली काय कथा!

दरवाजाचे पुढे ‘प्रकरण’ झाले, कारण ग्रंथात शिरायचे ते प्रकरणाच्या दारातून. यहुदी लोकांच्या तालमूद ग्रंथात दिवाणी कायद्याच्या तीन भागांना अरामीत पहिला, मधला आणि शेवटचा दरवाजा अशीच नावे आहेत. सहीह बुखारीत प्रत्येक ‘किताब’खाली अनेक ‘बाब’ येतात. शेख सादींनी १२५८ मध्ये लिहिलेल्या ‘गुलिस्ताँ’चे बाब आठ.

मराठीत मात्र हा शब्द कचेरीच्या वाटेने रुजला. फारसी हिशेबात बाब म्हणजे जमाखर्चाचे एकेक सदर. त्यावरून ‘खर्चाची बाब’, आणि मग कोणतीही गोष्ट ती ‘बाब’. ‘बाबत’ही त्याच घरची. सदरे वाढली की वसुली वाढते. मोगल अमदानीत मूळ शेतसाऱ्याखेरीज घेतल्या जाणाऱ्या किरकोळ करांना ‘अबवाब’ असेच नाव पडले. बंगालमध्ये कंपनी सरकारने १७९३ च्या कायद्याने नवे अबवाब लादण्यास मनाई केली, तरी जमीनदार ते घेतच राहिले. बिचाऱ्या कुळाला हे सारे दरवाजे घरातून धान्य बाहेर नेणारेच दिसले असतील.

आपल्याकडे १७१९ मध्ये शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. पुढे चौथाईची वाटणी ठरली ती अशी : शेकडा ६६ मोकासा सरदारांकडे फौजेच्या खर्चासाठी, ६ सहोत्रा पंत सचिवांकडे, ३ नाडगौडा राजाच्या मर्जीनुसार, आणि २५ खुद्द राजाचा. या राजाच्या हिश्शाचे नाव ‘बाबती’. यात एक गंमत आहे. दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांनी करवून घेतला होता. आणि त्यांच्याच नातवाच्या दफ्तरात राजाचा हिस्सा ‘बाबती’ राहिला. जो शब्द रोजच्या हिशेबात रुळला, तो कोशाने हलत नाही.

आता गोव्याकडे वळू. तेथे ‘बाब’ हे पुरुषांच्या नावापुढे लावायचे आदराचे संबोधन आहे. कोंकणीचे थोर लेखक शणै गोंयबाब (१८७७–१९४६) यांच्या टोपणनावातही ते आहे. हा बाब अरबी नव्हे. तो आपल्या ‘बाप’, ‘बाबा’ यांच्या कुळातला, तान्ह्या मुलाच्या ओठांवर प्रथम येणाऱ्या नादातून घडलेला. दोन्ही बाब दिसायला जुळे भाऊ, पण आईबाप निराळे. हे मुद्दाम सांगतो, कारण एखादा शब्द अरबी निघाला की आम्हां मंडळींना जिकडेतिकडे अरबीच दिसू लागते. मीही या ‘बाब’ला आधी अरबी ठरवून मोकळा झालो होतो. शेजारच्या गोवेकर गृहस्थांनी माझी समजूत दुरुस्त केली.

तो विद्यार्थी आता आखाती देशात नोकरीला आहे. तेथे हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने रोजच त्याच्या कानावर पडत असणार. सुट्टीत आला तेव्हा भेटला होता. त्या उत्तराचा एक गुण त्याला द्यायचा राहिला आहे, असे मी सांगितले, तर तो म्हणाला, “सर, व्याजासकट नको, व्याज हराम आहे.”