दुर्गांचें कांटेरी कवच : वसई प्रांतांतील डोंगरउतारांविषयीं एक विचार

रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र संशोधकांच्या नित्य परिचयाचें आहे. त्यांतील दुर्गप्रकरण वाचतांना आपली दृष्टि तट, बुरूज, तळीं, कोठारें व गडावरील कामगार यांवर खिळून राहते. परंतु त्याच प्रकरणांत गडाभोंवतालच्या झाडीविषयीं जी कडक ताकीद आहे, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. ही झाडी जतन करून वाढवावी, तींतील काठीसुद्धां तोडूं देऊं नये आणि प्रसंग पडल्यास बंदूकवाले तींत दडवितां यावेत, असा तिचा आशय आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील हा राजनीतिज्ञ रानाची गणना तटबंदींतच करितो, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

वसईचें नांव निघतांच १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं हस्तगत केलेला समुद्रकांठचा कोट आठवतो. पोर्तुगीजांचा तेथील अंमल १५३४ पासून, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ, चालला होता. परंतु त्या कोटाच्या पूर्वेस तुंगारेश्वर व कामणदुर्ग यांचे डोंगर उभे आहेत, आणि साकवारचा टकमक गडहि ह्याच मुलुखांत मोडतो. ह्या उतारांवर काळ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. पावसाळ्याचे चार महिने सरले कीं तो थर सुकून जातो. अशा जागीं करवंद, हेंकळ, तोरण आणि निवडुंग यांची कांटेरी जाळी टिकाव धरते. गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. तिच्या मुळ्यांनीं माती धरून ठेविली जाते, आणि मोठ्या वृक्षांचीं रोपें तिच्या आडोशास चरण्यापासून वांचतात. पायथ्याकडून चढणाऱ्या शत्रूस जी जाळी अडवीत असे, तीच आज डोंगर वाहून जाऊं देत नाहीं.

ह्या कांटेरी वर्गांतील एक वनस्पति विशेष उल्लेखनीय आहे. वाकेरी ऊर्फ वागाटी हें सह्याद्रीचेंच झुडूप होय. जगांत अन्यत्र तें आपोआप उगवत नाहीं. आधारावर चढत जाणारें, आंकड्यांसारख्या कांट्यांचें आणि शेंदरी-पिवळ्या तुऱ्यांचें हें झुडूप वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यानें पाहिलें, तेव्हां त्याच्या प्रजातीस त्यानें येथील मराठी नांवावरूनच ‘वागाटिआ’ असें नांव दिलें. पुढें शास्त्रीय नामकरणांत तें मागें पडलें, तरी आपल्या भाषेचा एक शब्द जगाच्या वनस्पतिकोशांत जाऊन बसला, ही गोष्ट राहतेच. ह्याच डालझेलनें १८६५ च्या सुमारास जुन्नरकडील एक मांसल वनस्पति वर्णून तिला मुंबईचे गव्हर्नर फ्रियर यांचें नांव दिलें. ती कांटेरी नाहीं. परंतु शिवनेरीसारख्या गडांच्या कोरड्या कड्यांवर, जेथें गुरूं व कुऱ्हाड पोंचत नाहीं तेथेंच, ती शिल्लक राहिली आहे. गडांचे कडे म्हणजे दुर्मिळ वनस्पतींचीं दप्तरेंच होत, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां पोथ्या जमविणारांस सहज पटेल असा मुद्दा सांगतों. जुन्या पोथींत मूळ संहितेबरोबर मागाहून घुसडलेले श्लोक सांपडतात, आणि ते निवडून काढणें हें संपादकाचें पहिलें काम असतें. डोंगराचेंहि तसेंच आहे. आज उतारोउतारीं माजलेली घाणेरी ऊर्फ टणटणी ही मूळची अमेरिकेंतली. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आली आणि तेथून देशभर पसरली. अर्थात् १७३९ च्या मोहिमेंतील मराठ्यांनीं ती पाहिली असणें शक्य नाहीं. फड्या निवडुंगहि अमेरिकेंतलाच. तेव्हां आजचें सर्वच कांटेरी रान शिवकालीन समजणें जितकें चुकीचें, तितकेंच सर्व रान निरुपयोगी समजून छाटून टाकणें घातक. हा प्रक्षिप्त भाग काढतांना मूळ संहिता फाटतां कामा नये.

ही भीति काल्पनिक नाहीं. तुंगारेश्वराचा सुमारें ८५ चौरस किलोमीटरांचा टापू २००३ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. परंतु त्याबाहेरील टेकड्यांच्या पायथ्यास वस्ती आणि दगडखाणी येऊन भिडल्या आहेत. उन्हाळ्यांत वणवे लागतात. शिवाय गडांची साफसफाई करणारीं उत्साही मंडळी सद्‌हेतूनेंच, पण सरसकट, कोयता चालवितात. तटाच्या सांध्यांत रुजलेला वड-पिंपळ काढलाच पाहिजे, कारण त्याच्या मुळ्या चिरे फोडतात. तटाखालील करवंदीचा मात्र तटास कांहींच उपद्रव नाहीं.

यास्तव आमची सूचना इतकीच कीं, गडाची टिपणें घेतांना शिलालेख व बुरुजांप्रमाणें उतारावरील झाडांचीहि नोंद करावी. तोडण्यापूर्वीं जाणत्या स्थानिकांस नांव विचारावें. घाणेरी बीं धरण्यापूर्वीं उपटावी आणि देशी कांटा राखावा. कागद जळाला तर त्याची नक्कल कोठें तरी सांपडण्याची आशा असते. उतार एकदां उघडा पडून माती वाहून गेली, म्हणजे त्या संहितेची दुसरी प्रत उपलब्ध नाहीं. अमात्यांनीं तीनशें वर्षांपूर्वीं जी काठी राखावयास सांगितली, ती राखण्याचें काम आतां आपल्याकडे आलें आहे.