जस्ती पत्र्यावरील रंगाची कुळकथा

जस्ती पत्र्याला बाहेरच्या कामासाठी रंग देण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग मुद्दाम तयार करून घ्यावा लागतो; या रीतीचे मूळ जस्ताच्या स्वभावातच आहे. वितळलेल्या जस्तात बुडवून लोखंडावर संरक्षक थर चढवता येतो, हे पॉल जाक मालुआँ या फ्रेंच रसायनज्ञाने १७४२ मध्ये मांडले. परंतु लोखंड आधी गंधकाम्लात स्वच्छ करून, कल्हईवाले वापरतात त्याच नवसागराच्या साहाय्याने मुलामा देण्याचे एकस्व स्तानिस्लास सोरेल या अभियंत्याने १८३७ मध्ये मिळवले, तेव्हा या कल्पनेला उद्योगाचे रूप आले. १८२९ मध्ये लंडनच्या हेन्री पामरने पन्हळी पत्र्याचे एकस्व घेतलेलेच होते. या दोहोंच्या संयोगातून गोदामे आणि घरे शाकारणारा जस्ती पत्रा जगभर पोहोचला.

जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते स्वतः आधी झिजते आणि ओरखडा पडला तरी उघडे पडलेले लोखंड काही काळ वाचवते. हीच क्रियाशीलता रंगाला मात्र बाधते. अळशीच्या तेलात किंवा अल्किड राळेत घोटलेल्या रंगातील मेदाम्लांशी जस्ताचा संयोग होऊन रंगाच्या तळाशी जस्ताचा साबण तयार होतो, रंगाची पकड सुटते आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या थराचे पोपडे निघू लागतात.

यावरचा सर्वांत जुना उपाय कालहरणाचा होता. उघड्या हवेत जस्ताचे आधी ऑक्साइड व हायड्रॉक्साइड आणि पुढे कार्बोनेट होते. हा घट्ट, करडा थर पुरता बसण्यास सुमारे सहा महिने ते दोन वर्षे लागतात आणि त्यावर रंग चांगला धरतो. याउलट, दमट हवेत एकावर एक रचून ठेवलेल्या नव्या पत्र्यांमध्ये पाणी साचले व वारा खेळला नाही, तर भुसभुशीत पांढरा गंज येतो आणि तो घासून काढल्याखेरीज रंग टिकत नाही.

वाट पाहणे टाळण्यासाठी रंगाऱ्यांनी ताम्रक्षारांचे आम्लयुक्त द्रावण पत्र्यावर फिरवण्यास सुरुवात केली. त्याने पृष्ठभाग काळवंडून खरखरीत होई. पण मागे राहिलेले तांबे ओलाव्यात जस्ताशी विद्युत्घट जुळवून मुलामाच खाऊ लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फॉस्फोरिक आम्ल, पॉलिव्हिनिल ब्युटिरल ही राळ आणि जस्ताचे क्रोमेट एकत्र आणणारे पातळ अस्तर पुढे आले. ते धातूला किंचित कोरून त्याच वेळी त्याला चिकटत असे. ब्रिटनमध्ये कॅल्शियम प्लंबेटची अस्तरेही बरीच चालली. क्रोमेट आणि शिसे यांचे विषारीपण लक्षात आल्यावर मात्र फॉस्फेटयुक्त द्रावणे व बारीक वाळूचा सौम्य मारा या रीती पुढे सरसावल्या.

आजच्या क्रमात पत्र्यावरचे तेल व कारखान्यात दिलेला क्रोमेटचा संरक्षक लेप काढणे, सौम्य घासणी, स्वच्छ धुणे, पूर्ण वाळवणे आणि जस्तासाठीच बनवलेले अस्तर लावणे या पायऱ्या येतात. जस्त आणि रंग यांच्या या जोडीला ‘डुप्लेक्स’ म्हणतात. नीट तयारी केलेल्या पत्र्यावर तिचे आयुष्य दोन्ही थरांच्या स्वतंत्र आयुष्यांच्या बेरजेच्या सुमारे दीडपट ते सव्वादोनपट भरते, कारण रंग जस्ताची झीज रोखतो आणि जस्त रंगाखाली गंज पसरू देत नाही. घाईने थेट रंग फासणारा या परस्पर आधारालाच मुकतो, म्हणून तयारीवरचा खर्च हा रंगकामाचा सर्वांत फलदायी भाग ठरतो.