औट्रम घाट ते बिजासन घाट : भिल्लांचा खान्देश पायी कसा पाहायचा?

चाळीसगावहून कन्नडला जाताना लागणारा घाट तुम्हाला माहीत असेल. पावसाळ्यात दरड कोसळली की तो बातम्यांत येतो. नाव औट्रम घाट. पण हा औट्रम कोण?

जेम्स औट्रम हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. १८२५ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, त्याला भिल्लांची पलटण उभी करायला खान्देशात धाडलं गेलं. म्हणजे गोष्ट भिल्लांची आहे, घाटाला नाव मात्र साहेबाचं आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात जवळपास ३१.५ टक्के आणि जळगाव जिल्ह्यात सुमारे १४ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, तडवी, कोकणा अशा अनेक जमाती इथे राहतात. तरीही खान्देशातली पाहण्यासारखी ठिकाणं सांगा म्हटलं, की यादीत किल्ले, मंदिरं आणि लेणी येतात.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीमध्ये बंदराच्या काठाने सुमारे ९ किलोमीटरची ‘यानानुराला’ नावाची पायवाट आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या गोष्टी, ज्या जागी घडल्या त्याच जागी, चालता चालता कळाव्यात अशी तिची रचना आहे. खान्देशात अशी वाट आखायची तर कुठे थांबायचं? ही चार ठिकाणं बघा. एका ठिकाणाहून दुसरीकडे एसटीने जायचं आणि तिथे पोहोचल्यावर पायी फिरायचं.

थांबा १ : धुळे

सुरुवात पांझरेच्या काठावरच्या जुन्या धुळ्यातून करा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खान्देश कंपनीकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने कारभारासाठी धुळं निवडलं. १८१९ मध्ये इथे अवघी ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. ब्रिग्जने कचेऱ्या बांधल्या, बाहेरून कारागीर आणले आणि व्यापाऱ्यांना वसण्यासाठी फुकट जागा दिल्या.

व्यापारी आले, पेठा वाढल्या, हा भाग पुस्तकांत सापडतो. पण धुळ्यात आणि खान्देशातल्या गावोगावी आणखी एक शब्द ऐकू येतो, तो म्हणजे ‘भिलाटी’. भिलाटी म्हणजे भिल्लांची वस्ती. गावाची राखण, रात्रीची गस्त, चोराचा माग काढणं ही पिढ्यान् पिढ्या भिल्लांकडे असलेली कामं. ही कामं करणारा तो जागल्या.

कागदपत्रांत रस असेल तर १९२७ मध्ये स्थापन झालेलं राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे.

थांबा २ : धरणगाव

एरवी गावाची राखण करणारे भिल्ल इंग्रजी कागदांत ‘लुटारू’ कसे झाले? १८०२ ते १८०४ या काळात खान्देश होळकरांच्या फौजांनी उद्ध्वस्त केला आणि मागोमाग दुष्काळ पडला. गावं ओस पडली. राखणीच्या बदल्यात मिळणारं धान्य बंद झालं. अनेक भिल्ल डोंगरात गेले आणि लुटीवर जगू लागले.

पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी त्यावर काढलेला मार्ग भयानक होता. १८०४ मध्ये कोपरगावला बोलणी करायला म्हणून भिल्लांना बोलावलं, दगा देऊन पकडलं आणि दोन विहिरींत टाकून मारलं. धरणगाव आणि चाळीसगावलाही अशा कत्तली झाल्याचं १८८० चं खान्देश गॅझेटियर सांगतं.

त्याच धरणगावात २१ वर्षांनी औट्रमने भिल्ल पलटणीचं ठाणं उभारलं. आधी कंपनीनेही बंदुकीच्या जोरावर पाहिलं होतं, पण ते जमलं नाही. मग माफी, जमीन, बैलांसाठी तगाई आणि पगाराची नोकरी असं धोरण आलं. औट्रम भिल्लांबरोबर जंगलात फिरला, शिकारीला गेला आणि त्यांचा विश्वास कमावला. यातून काही कुटुंबांना स्थैर्य मिळालं हे खरं. पण कंपनीलाही भिल्लांवर पहारा ठेवायला भिल्लच मिळाले. धरणगावात फिरताना या दोन्ही बाजू लक्षात ठेवायला हव्यात.

थांबा ३ : बिजासन घाट

शिरपूरहून पळासनेर ओलांडलं की सेंधव्याकडे जाणारा घाट लागतो. या वाटेच्या राखणीचं काम खाज्या नाईक यांच्याकडे होतं. त्यांची नोकरी गेली, त्यांनी तुरुंगवास भोगला आणि नंतर सरकारने त्यांना पुन्हा कामावर घेतलं. १८५७ मध्ये मात्र ते सरकारविरुद्ध उठले. नोव्हेंबरात इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे ७ लाख रुपयांचा खजिना त्यांच्या माणसांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली. त्यात अनेक भिल्ल मारले गेले, बायकांनाही कैद झाली. १८६० मध्ये खाज्या नाईक दगाफटक्याने मारले गेले.

इंग्रजी कागदांत ते बंडखोर आहेत. सातपुड्यातल्या लोकांसाठी ते स्वातंत्र्यसैनिक आहेत.

थांबा ४ : सातपुड्याचा पायथा

होळीच्या आधीच्या आठवड्यात शिरपूर आणि चोपडा तालुक्यांतल्या पावरा गावांत भोंगऱ्या बाजार भरतात. मोठे ढोल, पावरी, चांदीचे दागिने आणि रीलसाठी गर्दी. ‘इथे मुलं-मुली जोडीदार निवडून पळून जातात’ हे कॅप्शन दरवर्षी फिरतं. आदिवासी कार्यकर्ते ते वारंवार खोडून काढतात. भोंगऱ्या हा होळीचा बाजार आहे. डाळ्या, गूळ, कपडे घ्यायचे, नातेवाइकांना भेटायचं आणि नाचायचं. चुकीच्या कॅप्शनचा त्रास फोटोतल्या मुलींना होतो.

जाताना काय लक्षात ठेवायचं?

• वस्तीत ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबर जा. भिलाटी म्हणजे लोकांची घरं आहेत.
• फोटो काढण्याआधी विचारा. कोणी नको म्हटलं तर थांबा.
• वाट दाखवणाऱ्याला आणि गोष्ट सांगणाऱ्याला मानधन द्या.
• ऐकलेलं पोस्ट करताना गावाचं नाव लिहा आणि सांगणाऱ्याचं नाव त्याची परवानगी असेल तरच द्या.

हे आत्ताच का करायचं?

या इतिहासाची लेखी बाजू बहुतेक अधिकाऱ्यांनी इंग्रजीत लिहिलेली आहे. दुसरी बाजू भिली आणि पावरी बोलीतल्या गाण्यांत, गोष्टींत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. गॅझेटियर कपाटात शाबूत राहील. पण गाणं म्हणणारी आजी गेली आणि तिच्या नातवंडांनी ते शिकलेलं नसलं, तर ते गाणंही जाईल. म्हणून यातलं काही जपायचं असेल, तर पाटीच्या आधी रेकॉर्डिंग व्हायला हवं. ते घरच्यांच्या संमतीने व्हावं आणि त्याची एक प्रत त्यांच्याकडेच राहावी.