पेव, पोथी आणि पत : पेडगावच्या निमित्ताने

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार शिकवताना आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : हे पेडगाव म्हणजे आपलेच का? परभणी जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना तो पडावा हे स्वाभाविक आहे. परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगाव नावाचे छोटेसे स्थानक आहे, आणि तिथली मुले रोज शहरात शिकायला येतात. वाक्प्रचारातले पेडगाव मात्र सामान्यतः भीमेकाठचे, बहादूरगडाचे मानले जाते. आमच्या पेडगावच्या वाट्याला ना किल्ला आला, ना म्हण. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांना स्वतंत्र ओळ मिळत नाही अशा हजारो गावांपैकी ते एक.

या गावाकडे आमचे लक्ष वळले ते एका विद्यार्थिनीच्या निबंधामुळे. विषय होता 'संतसाहित्य आणि लोकजीवन'. तिने आजीचे एक वाक्य दिले होते : "घरात दाणा आन् मुखी नाम असलं की वाईट काळ निघून जातोय." वाक्य सुंदर आहे. आम्ही त्याचे कौतुक केले. पण निबंधाच्या शेवटी तिनेच एक अवघड प्रश्न लिहून ठेवला होता. बहात्तरच्या दुष्काळात याच आजीने रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. नाम तर तेव्हाही मुखी होते. मग घरातला दाणा कुठे गेला होता?

प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे. उत्तर पूर्ण आहे असा आमचा दावा नाही. परंतु श्रद्धा आणि स्वावलंबन यांच्या बळावर कोसळत्या काळात घर सावरता येते, ही आपल्याकडची जुनी धारणा तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हांला वाटते.

आधी दाण्याकडे पाहू. मराठवाड्यातल्या जुन्या घराची रचनाच मुळी वाईट काळ गृहीत धरून केलेली असे. रोजच्या वापरासाठी उतरंडीतली मडकी, वर्षाच्या बेगमीसाठी शेणाने लिंपलेली कणगी किंवा भिंतीलगतचे बळद, आणि त्याहून लांबच्या काळासाठी जमिनीखालचे पेव. पेव काळ्या रानात खणत नसत. काळी माती ओल धरते. ते गावठाणाच्या पांढरीत खणत. तोंड अरुंद, पोट मोठे. आत कडब्याचे वा काडाचे अस्तर, वर माती घालून तोंड बंद. आतली ज्वारी श्वसन करते, हवेतला प्राणवायू संपतो, कर्बवायू साठतो आणि किडे मरतात. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. आधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर माणूसही विझेल हे सर्वांना ठाऊक होते. डाळींमध्ये राख, धान्यात कडुलिंबाचा पाला, आणि बियाण्याचे गाडगे वेगळे. उपाशी राहिले तरी बियाण्याला हात लावायचा नाही, हा नियम धर्मनियमाइतकाच कडक होता.

भाषेने ही व्यवस्था अजून जपली आहे. एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की आपण तिचे 'पेव फुटले' म्हणतो. शिकवण्यांचे पेव फुटते, वाहिन्यांचे पेव फुटते. हे बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पेव पाहिलेले असते.

आता नामाकडे. हा सारा प्रदेश संतांचा आहे. जनाबाईंचे गंगाखेड परभणी जिल्ह्यात; नामदेवांचे नर्सी १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत आहे; समर्थ रामदासांचे जांब शेजारच्या जालना जिल्ह्यात. वारकरी घराचा आचारधर्म आर्थिक अंगाने पाहिला तर त्यात काटकसरीची एक पद्धतशीर शिकवण दिसते. एकादशीचा उपवास, साधे राहणे, सप्ताहासाठी घराघरांतून गोळा होणारे धान्य, दारी आलेल्याला मूठभर का होईना पण देणे. अर्थात, वारकरी भक्तीचा हेतू धान्य वाचवणे हा नव्हता, हे सांगायला हवे. पण हेतू आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी असतात. भक्तीने माणसाला थोडक्यात भागवण्याची सवय लावली आणि त्याच वेळी आपल्या थोडक्यातही दुसऱ्याचा वाटा आहे याची आठवण दिली.

येथपर्यंत आजीचे वाक्य खरे ठरते. परंतु इतिहास येथे थांबत नाही.

दुष्काळाच्या मराठी स्मृतीत दामाजीपंतांची कथा अग्रभागी आहे. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने बिदरच्या सुलतानाची कोठारे लोकांसाठी उघडली. पुढे विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन त्या धान्याची किंमत भरली, असे परंपरा सांगते. महिपतींच्या 'भक्तविजया'ने (१७६२) ही कथा घराघरांत पोचवली. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी कथेतले अर्थशास्त्र स्पष्ट आहे. घरोघरची पेवे संपल्यावरच सरकारी कोठाराकडे पाहण्याची वेळ येते. म्हणजे स्वावलंबनाला एक मर्यादा आहे, आणि ती ओलांडली गेल्यावर भक्ताचे कर्तव्य नुसते नाम घेणे नसून कुलूप उघडणे हे आहे, असे ही कथा सांगते. आणि देवाने रूप घेतले ते गावकुसाबाहेरच्या माणसाचे. ज्याच्या घरी पेव असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्याचे.

दुसरे उदाहरण तुकोबांचे. १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरात यांवर आलेला दुष्काळ मोगल दरबाराच्या बखरकारांनी आणि पीटर मंडीसारख्या युरोपीय प्रवाशांनी नोंदवून ठेवला आहे. तुकोबांचे घर दरिद्री नव्हते. महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती, आणि विठ्ठलाची वारी पिढीजात होती. म्हणजे दाणाही होता, नामही होते आणि बाजारात पतही होती. तरीही घर बुडाले. दुष्काळाने द्रव्य आणि मान दोन्ही नेले, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, हे तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगितले आहे. श्रद्धेने दुष्काळ टळतो असे मानणाऱ्यांनी हा अभंग पुन्हा वाचावा.

तुकोबांची श्रद्धा उपयोगी पडली ती कोसळण्याआधी नव्हे, कोसळल्यानंतर. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली; धाकट्या भावाच्या वाट्याची मात्र त्याला दिली. या प्रसंगाकडे आपण बहुधा वैराग्याचे उदाहरण म्हणून पाहतो. पण दुष्काळाने नागवलेल्या कुळांच्या बाजूने पाहिले तर तो कर्जमाफीचा प्रसंग आहे. सावकाराचे घर पुन्हा उभे करण्याचा सोपा मार्ग वसुली हा होता. तुकोबांनी तो नाकारला. स्वतःचे घर सावरण्यासाठी इतरांची घरे मोडावी लागणार असतील, तर असे सावरणे नको, हा त्या कृतीचा अर्थ आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

येथे पेवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेव सगळ्यांकडे नसे. मोठे पेव बहुधा वतनदाराचे किंवा सावकाराचे, आणि दुष्काळात ते उघडले जाई ते दानासाठी जितके, तितकेच सवाई-दिढीने धान्य उसने देण्यासाठी. गहाण जमिनीवर सावकाराचे नाव लागण्याचा काळही हाच. एकाचे स्वावलंबन हे दुसऱ्याच्या परावलंबनावर उभे असू शकते, हे विसरून गावगाड्याचे गोडवे गाणे बरे नव्हे.

पेडगावच्या बाबतीत यानंतरचा अध्याय निजामी राजवटीचा. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी खोऱ्यातून रेल्वे आली. परभणीचा कापूस रुळांवरून दूर जाऊ लागला आणि घरात दाण्याइतकेच नाण्याचे महत्त्व वाढले. नाणे होते हाली सिक्का. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थानात धान्याची सक्तीची लेव्ही सुरू झाली. शेतकऱ्याच्या कणगीत किती राहावे हे आता सरकार ठरवू लागले. युद्ध संपले, पण टंचाई संपली नाही. परभणीत नोकरी करणाऱ्या बी. रघुनाथांच्या एका कादंबरीचे नाव 'म्हणे लढाई संपली' असे आहे. त्या 'म्हणे'त सामान्य माणसाचा सारा अविश्वास साठला आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. सात हाली रुपयांना सहा कलदार असा विनिमयाचा दर होता, आणि १९५९ मध्ये हाली सिक्का कायमचा रद्द झाला. ज्या नाण्यावर राज्य उभे असते ते राज्याबरोबर जाते, हा धडा या भागातल्या घरांनी २०१६ च्या नोटाबंदीच्या कितीतरी आधी घेतलेला होता. गाठीला रोकड असण्यापेक्षा अंगावर चांदी आणि घरात ज्वारी असलेली बरी, हे शहाणपण अशा अनुभवांतूनही आले असावे.

मग बहात्तर साली दाणा कुठे गेला? याचे उत्तर असे, की एका वर्षाच्या अवर्षणाला पेव पुरते. लागोपाठच्या वर्षांना पुरत नाही. १९७० पासूनच पाऊस हुलकावणी देत होता. कणगीतले संपले, मग पेवातले, मग बियाण्याचे, मग गोठ्यातली जनावरे, मग अंगावरची चांदी. या क्रमात प्रत्येक पायरी म्हणजे एकेका पिढीच्या तयारीचा अंत होता. महाराष्ट्रात १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. खडी, पाझर तलाव, नालाबांध, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, हे शब्द त्या पिढीच्या तोंडून आजही ऐकू येतात. माणसे त्या प्रमाणात मेली नाहीत, याचे श्रेय पेवाला नाही आणि एकट्या नामालाही नाही. ते मागेल त्याला काम देण्याच्या तत्त्वाला आहे. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यामागे तिचाच अनुभव होता. दुष्काळाच्या त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

आणि तरीही आजीचे वाक्य खोटे नाही. खडी फोडायला गेलेल्या बायका दगडाच्या ढिगाशेजारी बसून जात्यावरच्या ओव्या म्हणत, असे त्या विद्यार्थिनीने आजीच्या तोंडून ऐकून लिहिले आहे. दळायला दाणा नव्हता, ओवी होती. दामाजीने उघडलेले कोठार आणि शासनाने काढलेले काम देह जगवते. पण आपण भिकेला लागलेलो नाही, आपण माणूस आहोत, ही जाण टिकवण्याचे काम ओवीने केले. जनाबाईंच्या अभंगांत देव दळू लागतो, तो उगीच नव्हे.

आज पेडगावच्या परिसरात पेव दिसत नाही. कापूस आणि सोयाबीन खाता येत नाहीत. ते विकावेच लागतात. घराची सुरक्षितता आता हंगामाइतकीच भावावर अवलंबून आहे. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा आपण वर्गात शिकवतो. तिच्यातला बाप टोमॅटो पायाखाली तुडवतो तो दुष्काळामुळे नव्हे. पीक भरघोस आले आणि भाव पडला म्हणून. सुकाळातच घर बुडण्याची ही नवी तऱ्हा आहे आणि तिच्यासाठी आपल्याजवळ ना पेव आहे, ना ओवी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा शहरांतून चालत निघालेली माणसे गावाच्या दिशेने का आली, याचा विचार करावा. गावात दाणा असेल, या जुन्या विश्वासावर ती आली होती. अनेकांच्या घरात तेव्हा होते ते शिधापत्रिकेवरचे धान्य.

स्वावलंबनाचे पाठ देणाऱ्यांची आज कमतरता नाही. त्यांचेही पेव फुटले आहे म्हणा ना. इतिहास वाचल्यावर आम्हांला एवढेच म्हणावेसे वाटते, की एकट्या घराचे स्वावलंबन आपल्याकडे कधीच नव्हते. पेव खणायला चार माणसे लागत, उघडताना वर उभे राहणारे कोणीतरी लागे. विझलेला दिवा पाहून आतल्याला वर ओढणारा हात हीच खरी बेगमी होती. श्रद्धेने तो हात तयार केला असेल तर ती श्रद्धा उपयोगाची. आणि तिने फक्त आपल्याच कणगीकडे पाहायला शिकवले असेल तर तुकोबांनी इंद्रायणीत काय सोडले हे आपल्याला कळलेच नाही.

त्या निबंधाला आम्ही चांगले गुण दिले. प्रश्नासमोरची जागा मात्र कोरीच ठेवली होती. हा लेख तिथे चिकटवावा असा विचार आहे.