कीर्दीत काय उरले

टॅलीवर बसणारा हिशेबनीस एफ-५ दाबून पैसे देतो, एफ-६ दाबून घेतो, एफ-८वर विक्री आणि एफ-९वर खरेदी नोंदवतो. एफ-७ म्हणजे जर्नल, आपली कीर्द. तिकडे सहसा महिनाअखेरीस वळायचे: घसारा, द्यायचे राहिलेले पगार, चुकलेल्या नोंदीची दुरुस्ती. एकेकाळी सगळा व्यवहार जिच्यातून जाई, तिची आता अडगळीची खोली झाली आहे.

लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरचा ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. तिथल्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची रीत त्यात आहे. ती त्याने शोधली नाही, नीट मांडली. वह्या तीन. टिपणवहीत घरातल्या कोणीही, हाती आलेल्या नाण्यात लिहावे. तेच मग कीर्दीत एका चलनात उतरायचे: आधी ‘पेर’ लावून नावे टाकायचे खाते, मग दोन तिरक्या रेघा, मग ‘आ’ लावून जमेचे खाते. खतावणीत नावेची बाजू चढली की कीर्दीतल्या नोंदीवर एक रेघ, जमेची चढली की दुसरी. काम कुठे अडले ते पान उलटताच कळे. (पेशवे दप्तरातल्या मोडी रोजकिर्दींचा वंश निराळा, तो इथे धरलेला नाही.)

पुढे उधारी वाढली आणि ही शिस्त जड झाली. महिन्यात ३०० उधार विक्र्या म्हणजे खतावणीत ६०० नोंदी. विक्रीची वही वेगळी केली की गिऱ्हाइकांच्या ३०० आणि महिन्याच्या बेरजेची एक, झाल्या ३०१. शिवाय चार कारकून एकाच वेळी लिहू शकतात. खरेदी, परत माल, हुंड्या, रोकड यांच्याही वह्या अशाच निघाल्या.

कीर्दीत उरल्या त्या बहुतेक नोंदींमागे ना बाहेरच्याचे बिल, ना हललेला पैसा. असतो तो कोणाचा तरी अंदाज. म्हणूनच लबाडीला ती सोयीची. २००२च्या जूनमध्ये अमेरिकेच्या वर्ल्डकॉम कंपनीने ३८० कोटी डॉलरची गडबड कबूल केली: इतर कंपन्यांच्या तारा वापरल्याचा खर्च जर्नल नोंदींनी मालमत्तेत ढकललेला होता. कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षकांनी तो माग काढला. लेखापरीक्षक आजही या नोंदी वेगळ्या काढून तपासतात, विशेषतः वर्षअखेरच्या.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारीखवार नोंद राहणे सक्तीचे आहे, आणि ती सोय बंद करता येता कामा नये.