ठासणीची बंदूक, काडतूस आणि छापील कोष्टक : भिवंडी परिसराच्या संदर्भात एक टिपण

बंदुकीच्या दारूचा इतिहास आपल्याकडे बहुधा लढायांच्या अनुषंगाने लिहिला जातो. १७३९ च्या वसई मोहिमेतील सुरुंगांचे वर्णन उत्तर कोकणाच्या प्रत्येक इतिहासात सापडते. परंतु भाताच्या खाचराकडेला रात्र जागवणाऱ्या राखणदाराच्या हातातील बंदुकीला त्यात स्थान नाही. भिवंडी आणि तिच्या शेजारचे शहापूर व वाडा हे तालुके मुळात भातशेतीचे. तानसा परिसराचे जंगल याच पट्ट्यात येते आणि जंगलालगतच्या शेताला रानडुकराचा उपद्रव नवा नाही. या संदर्भात एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो : एका बारासाठी दारू किती घालावी, हे ज्ञान कोणाजवळ होते आणि ते छापील स्वरूपात कोणापर्यंत पोहोचले?

ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासले जातात. सोरा, गंधक व कोळसा यांची ही काळी दारू वजनाने नव्हे, मापाने घेतली जात असे. एकच माप आणि एकाच प्रकारची दारू असेल तोवर ही पद्धत बऱ्यापैकी निभावून जाते. धोके असतात ते विस्मरणाचे आणि घाईचे : भरलेली नळी पुन्हा भरणे, छर्रे दारूवर नीट न बसता मध्ये पोकळी राहणे, आधीच्या बाराची ठिणगी विझण्यापूर्वी नवी दारू ओतणे. ही खबरदारी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शिकवली गेली. तिला कागदाची गरज भासली नाही.

कागदाची गरज निर्माण केली ती धूरविरहित दारूने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरण्याची बंदूक आणि काडतूस प्रचारात आले. इंग्लंडमध्ये रिकामी काडतुसे घरी पुन्हा भरण्याची रीत रूढ होती, डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या १८८१ च्या ग्रंथासारखी बंदुकांवरील पुस्तके अशा वाचकांच्या हाती असत. आरंभीच्या काही धूरविरहित दारू काळ्या दारूच्याच मापाने भरता येतील अशा हलक्या बनविल्या होत्या. पुढे आलेल्या घट्ट दारूंचे मात्र तेवढ्याच मापात वजन आणि बळ दोन्ही कितीतरी अधिक होते. जुने माप तेच राहिले, दारू बदलली आणि नळ्या फुटल्या. पेटीवरील ‘ड्रॅम’चा आकडाही फसवा ठरला. ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, सुमारे १.७७ ग्रॅम. धूरविरहित काडतुसाच्या पेटीवर ‘तीन ड्रॅम’ तुल्य असे छापलेले असते, त्याचा अर्थ तीन ड्रॅम काळ्या दारूइतका वेग मिळेल, एवढाच. आत तेवढी दारू आहे असा अर्थ लावून जो मोजमाप करी, तो स्वतःच्याच डोळ्यांशी खेळत असे.

अमेरिकेत या अडचणीवर उत्तर निघाले ते प्रकाशनाचे. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेटिकटमधील न्यू हेवन येथे स्थापन केलेल्या ‘आयडियल’ कंपनीने काडतुसे भरण्याच्या अवजारांबरोबर माहितीपुस्तिका काढल्या. १९२५ मध्ये ही कंपनी ‘लायमन’कडे गेली. १९२६ मध्ये तेथील उत्पादकांची प्रमाणीकरण संस्था उभी राहिली. युरोपात दाबचाचणीचे आंतरराष्ट्रीय मंडळ १९१४ मध्येच लीज येथे स्थापन झाले होते. या कोष्टकांचे मर्म असे की त्यांतील एक ओळ हा एकच अविभाज्य आकडा असतो. विशिष्ट कवच, विशिष्ट टोपी, विशिष्ट बोळा, छऱ्यांचे विशिष्ट वजन आणि विशिष्ट दारू एकत्र घेऊन चाचणीच्या नळीत दाब मोजला जातो. यातला केवळ बोळा बदलला तरी दाब बदलतो. म्हणून दोन ओळींमधला अंदाज काढणे हे तेथील छंदिष्टही निषिद्ध मानतात.

हे वाङ्मय आपल्याकडे रुजले नाही, याचे कारण वाचकांची अनास्था नव्हे. कारण कायद्यात आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांना परवान्याची अट घातली आणि नियमांनी युरोपियनांना सूट दिली. म्हणजे ग्रीनर वाचून काडतूस भरण्याची मोकळीक साहेबाला होती. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्याने हा वांशिक भेद ठेवला नाही. परंतु दारूगोळ्याची निर्मिती परवान्याखाली ठेवली आणि ‘दारूगोळा’ या संज्ञेत त्याचे भाग व तो बनविण्याची यंत्रेही समाविष्ट केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंद म्हणून शिकारही उरली नाही. दाबाचा आकडा खडकीसारख्या कारखान्याच्या भिंतीआड राहिला. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे परवानाधारकाला तयार मिळत. आतल्या दारूचे वजन जाणण्याचे त्याला प्रयोजनच नव्हते. तयार काडतुसापुरती ही व्यवस्था सुरक्षित होती, हे मान्य केले पाहिजे.

एक अडचण मात्र भाषेची आणि मापांची आहे. इंग्रजी कोष्टके ग्रेनमध्ये असतात. आपल्या सराफी तराजूचा तोळा १८० ग्रेनांचा. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली तेव्हा ग्रॅम आला, आणि एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४३ ग्रेन. देवनागरीत ‘ग्रेन’ आणि ‘ग्रॅम’ यांच्यात एका मात्रेचा व एका अक्षराचा फरक आहे. मुद्रितशोधकाच्या हातून तो सुटला तर दारू पंधरापट होईल.

खरा विरोधाभास पुढेच आहे. १९५९ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला वाटले, तरच अन्य गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे ज्याला काडतूस मिळते त्याला स्वतः काही भरावे लागत नाही. आणि ज्याला प्रत्येक बार स्वतः भरावा लागतो, त्या शेतकऱ्याच्या हाती कायद्याने बंदूक दिली, कोष्टक दिले नाही. कलमात नळीच्या लांबीची अट आहे, वीस इंच. एका बाराला दारू किती, याविषयी ते मौन बाळगते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यापूर्वी सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद केली. हाताळणी, साठवण आणि वाहतूक हे विषय त्यात आले. शहापूर-वाड्याच्या बांधावर मात्र दारूचे माप आजोबांकडून नातवाकडे येते, आणि त्या मापात कोणती दारू ओतायची हा प्रश्न नातवाने दुकानदाराला विचारायचा असतो.