बोरॉनच्या संशोधनांतील एक विसंगत नोंद

जुन्या कागदांची छाननी करितांना एखादें कलम इतरांशीं जुळत नाहीं, तेव्हां तें लेखकाचा प्रमाद म्हणून टाकावें कीं पुन्हां ताडून पाहावें, हा प्रश्न आम्हांस नित्याचा आहे. रसायनशाळेंतील टिपणवहीलाहि तो चुकलेला नाहीं. हर्बर्ट चार्ल्स ब्राऊन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या चरित्रांत याचें एक ठळक उदाहरण सांपडतें; आणि त्या नोंदीचा कर्ता एक भारतीय संशोधक असल्यामुळें तें येथें नमूद करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ब्राऊन यांचा जन्म २२ मे १९१२ रोजीं लंडन येथें झाला. दोन वर्षांनीं कुटुंब शिकागोस गेलें. बोरॉनकडे, म्हणजे टांकणखारांतील मूलद्रव्याकडे, ते वळले ते केवळ योगायोगानें. १९३६ सालीं पदवी मिळाली तेव्हां त्यांच्या भावी पत्नी सारा बेलेन यांनीं त्यांस आल्फ्रेड स्टॉक या जर्मन पंडिताचा बोरॉन व सिलिकॉन यांच्या हायड्राइडांवरील ग्रंथ भेट दिला. तोच कां, तर मंदीच्या त्या दिवसांत दुकानांतील सर्वांत स्वस्त रसायनग्रंथ तोच होता: किंमत २ डॉलर ६ सेंट. (ब्राऊन यांच्या नांवाचीं रोमन आद्याक्षरें हीं हायड्रोजन, कार्बन व बोरॉन यांचींच चिन्हें आहेत, ही गंमत प्रसिद्ध आहे, परंतु तिला आम्ही पुरावा मानीत नाहीं.)

त्या काळीं डायबोरेन वायु जगांत दोनच ठिकाणीं तयार होत असे: कार्ल्सरूह येथें स्टॉक यांच्याकडे व शिकागो विद्यापीठांत श्लेसिंजर यांच्याकडे. श्लेसिंजर यांच्या हाताखालीं ब्राऊन यांनीं १९३८ सालीं डॉक्टरेट मिळविली. पुढें महायुद्धांत सरकारास युरेनियमचें सहज वायुरूप होणारें संयुग हवें होतें. त्या खटाटोपांत सोडियम बोरोहायड्राइड हातीं आलें. मूळ काम बाजूस पडलें, हें द्रव्य मात्र उरलें. गुप्ततेमुळें ती हकीकत प्रसिद्ध होण्यास १९५३ साल उजाडलें.

१९४७ पासून ब्राऊन पर्ड्यू विद्यापीठांत होते. तेथें त्यांचे सहकारी बी. सी. सुब्बाराव हे सोडियम बोरोहायड्राइड व ॲल्युमिनियम क्लोराइड यांच्या मिश्रणानें निरनिराळ्या एस्टरांचें क्षपण करून पाहात होते. एका रेणूमागें हायड्राइडचे दोन भाग खर्च व्हावे, हा नियम. एथिल स्टिअरेटास तितकेच लागले. एथिल ओलिएटास २·३७ लागले. या दोन द्रव्यांत फरक एवढाच कीं, ओलिएटाच्या कार्बनसांखळींत एक द्विबंध आहे, स्टिअरेटाच्या नाहीं. पहिला संशय अर्थातच द्रव्य अशुद्ध असल्याचा. तें शुद्ध करून प्रयोग पुन्हां केला. जास्तीचा खर्च कायम राहिला! तेव्हां उलगडा झाला कीं, तें जास्तीचें हायड्राइड वायां गेलें नव्हतें. द्विबंधाच्या एका कार्बनास बोरॉन व दुसऱ्यास हायड्रोजन जोडला जाऊन सेंद्रिय बोरेन तयार होत होतें. क्षारयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइडनें त्याचें अल्कोहोल करितां येतें; आणि द्विबंध सांखळीच्या टोंकास असेल तर, आम्लाच्या साह्यानें पाणी जोडण्याच्या जुन्या रीतीनें जें अल्कोहोल मिळतें, त्याहून निराळें असें टोंकाचें अल्कोहोल या रीतीनें मिळतें. हा शोध १९५६ सालीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांत दोघांच्या नांवें प्रसिद्ध झाला.

पाठ्यपुस्तकांत मात्र ही क्रिया एकट्या ब्राऊन यांच्या नांवें चालते. त्यांचा अधिकार आम्ही नाकारीत नाहीं: एका आंकड्यावरून त्यांनीं एक संबंध शाखा उभी केली, १९६२ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि १९७९ चें नोबेल पारितोषिक विटिग यांच्यासह मिळविलें. त्यांच्या प्रयोगशाळेंत १९६० नंतरच्या दशकांत काम केलेले सुझुकी व नेगिशी हे २०१० च्या नोबेलाचे मानकरी झाले. पैकीं सुझुकी यांची कार्बन-जोडणीची रीत बोरॉनच्या सेंद्रिय संयुगांवरच आधारलेली आहे. पण सुब्बाराव यांस केवळ मदतनीस लेखणें कागदास धरून होणार नाहीं. स्टॉकहोम येथील व्याख्यानांत खुद्द ब्राऊन यांनीं ओलिएटाची ती नोंद सुब्बाराव यांच्या नांवावर मांडिली आहे. हे सुब्बाराव पुढें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत होते, व तेथूनहि त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले.